मिसिरलू बसवताय? आधी पट्टी पक्की करा, चार्ट नंतर

सर्फ गिटार, म्हणजे साठच्या दशकातलं कॅलिफोर्नियातलं जलद गिटार-संगीत, म्हटलं की पहिलं नाव येतं मिसिरलूचं, अमेरिकन गिटारवादक डिक डेलने १९६२ मध्ये रेकॉर्ड केलेली. नाव माहीत नसलं तरी ट्यून ऐकलेली असतेच, कारण १९९४ च्या पल्प फिक्शन सिनेमाच्या सुरुवातीला हीच वाजते. आम्ही गणपतीतल्या कार्यक्रमासाठी ही बसवायची ठरवली आणि पहिल्याच प्रॅक्टिसला घोळ झाला. मी ई मध्ये वाजवत होतो, कीबोर्डवाल्याने पैसे भरून पीडीएफ घेतली होती ती निघाली डी मध्ये, आणि बासवाल्याच्या मोबाईलवर जो कॉर्ड चार्ट होता त्यावर लिहिलेलं ए मायनर. तिघांच्या कागदावर वर नाव एकच, मिसिरलू. दोन तास गेले आणि एकदाही सगळे एकत्र सुरू होऊन एकत्र संपलो नाही. पुढचे तीन आठवडे मी फक्त हाच प्रश्न सोडवत होतो की बरोबर पट्टी (म्हणजे सा कुठल्या सुरावर) कुठली आणि बरोबर चार्ट कुठला. त्यातून जे कळलं ते क्रमाने लिहितोय, म्हणजे तुमचे तीन आठवडे वाचतील.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे गायला बसण्याआधी कोणीही पहिलं विचारतो, पट्टी कुठली? सर्फची ट्यून बसवताना आपण हेच विसरतो आणि थेट चार्ट शोधायला जातो. चार्ट हा कोणीतरी कान लावून उतरवलेला कागद आहे, त्याच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहिलं, त्यामुळे आधी सा तुमच्या कानाला सापडला पाहिजे, मगच तो कागद बरोबर की चूक ते तुम्हाला सांगता येईल.

काय काय लागेल

- गिटार आणि चांगला ट्यूनर (फोनवरचा चालेल, पण ४४० हर्ट्झवर सेट आहे ना ते बघा)
- हार्मोनियम किंवा कीबोर्ड, यातलं एक तरी हवंच
- फोनमध्ये तानपुऱ्याचं ॲप
- हेडफोन. फोनच्या स्पीकरवर बास ऐकूच येत नाही आणि इथे सगळं काम बासवर आहे
- गाणं स्लो करायला काहीतरी, व्हीएलसी किंवा ऑडॅसिटी
- वही, पेन्सिल आणि खोडरबर. पेनाने लिहू नका

१. आधी रेकॉर्डिंग ठरवा

"मिसिरलू" असं नुसतं सर्च केलंत तर हातात काय येईल सांगता येत नाही. ही मुळात पूर्व भूमध्य भागातली लोकधून आहे. मिसिरलू म्हणजे इजिप्तची मुलगी, हिंदी-उर्दूत इजिप्तला मिस्र म्हणतात तोच हा शब्द. १९२७ मध्ये टेटोस दिमित्रियादिस या ग्रीक गायकाने ती रेकॉर्ड केली, ती संथ आहे आणि तिचा बाजच वेगळा आहे. मग १९४१ मध्ये निक रुबानिसने अमेरिकेत जॅझच्या अंगाने ती आणली, त्यानंतर कितीतरी ऑर्केस्ट्रांनी वाजवली. या प्रत्येकाची पट्टी वेगळी, लय वेगळी, कॉर्ड्स वेगळे. आमच्या कीबोर्डवाल्याची पीडीएफ अशाच एका ऑर्केस्ट्रा अरेंजमेंटची होती, म्हणजे ती चुकीची नव्हती, आमच्या कामाची नव्हती एवढंच.

म्हणून सगळ्यांनी एकच ऑडिओ फाईल घ्या आणि ती ग्रुपवर टाका. लिंक नको, फाईल. एकाने लाइव्ह बघितलं, दुसऱ्याने स्टुडिओचं ऐकलं की पुन्हा तेच होणार.

२. सा शोधा

हेडफोन लावा, सुरुवातीचे दहा सेकंद ऐका, परत ऐका, आणि गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवून बघा. जुळेल. डेलची मिसिरलू ई मध्ये आहे, हार्मोनियमवाल्यांच्या भाषेत पांढरी तीन.

ई च का, हे कळलं की परत कधी गोंधळ होणार नाही. डेल वडिलांकडून लेबनानी वंशाचा, त्याच्या काकांना ऊद (अरबी तंतुवाद्य) वाजवताना त्याने लहानपणी ही धून ऐकलेली. एकदा कोणीतरी त्याला विचारलं, एका तारेवर अख्खं गाणं वाजवून दाखवशील का, तेव्हा त्याला ही आठवली आणि त्याने ती प्रचंड जलद करून वाजवली. म्हणजे ही ट्यून जाड तारेवर आडवी धावते, आणि सा मोकळ्या तारेवर मिळतो. सुरुवातीचे तीन सूर बघा: मोकळी तार, पहिला फ्रेट (गिटारच्या दांडीवरची आडवी पट्टी), चौथा फ्रेट. मोकळ्या तारेला जो दणका आहे, ती घुमते ना, तो दाबलेल्या तारेला येत नाही. डेल तारा पण अतिशय जाड वापरायचा. कोकणातल्या बेंजो पार्टीत बेंजोवाला तारेवर कसा धावतो ते ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना ही मजा पटकन कळेल.

आता सापळा. बासवाल्याच्या चार्टवर ए मायनर का होतं? कारण सूर जवळजवळ तेच आहेत. ए हार्मोनिक मायनरचे सूर ई पासून म्हणायला सुरुवात केली तर मिसिरलूच्या अगदी जवळ जातात, फक्त एका सुराचा फरक, त्याच्याकडे पुढे येतो. मशीनने कॉर्ड ओळखणारी ॲप्स इथे हमखास फसतात. ती सूर मोजतात, सा कुठे आहे ते त्यांना कळेलच असं नाही.

खात्री करायला मी जे केलं ते करा. तानपुरा ॲप पांढरी तीनवर लावा आणि त्यावर ट्यून गुणगुणा. मग तानपुरा पांढरी सहावर, म्हणजे ए वर लावा आणि तीच ट्यून, सूर न बदलता, पुन्हा गुणगुणा. दुसऱ्या वेळेला ती किरवाणी रागासारखी वाटायला लागेल आणि प्रत्येक ओळ हवेत लोंबकळत राहिल्यासारखी वाटेल, संपल्यासारखी वाटणारच नाही. पहिल्या वेळेला घरी आल्यासारखं वाटेल. माझ्या बासवाल्याला मी तासभर समजावत होतो ते त्याला या प्रयोगाने दोन मिनिटांत पटलं.

३. फाईलचा स्पीड तपासा

हे आधी करायला हवं होतं असं मला नंतर वाटलं. तुमच्या फाईलबरोबर मोकळी तार जुळत नसेल, थोडं वर किंवा खाली वाटत असेल, तर लगेच गिटार ट्यून करायला घेऊ नका, आधी फाईलवर संशय घ्या.

सिनेमातून उतरवलेला ऑडिओ असेल तर ही एक गंमत होते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडचा जुना टीव्ही आणि डीव्हीडी पाल पद्धतीचे, म्हणजे २५ फ्रेमचे, मग सिनेमा सरळ थोडा जलद चालवायचे. ४ टक्के स्पीड वाढला की सूर सेमीटोनच्या (म्हणजे अर्ध्या सुराच्या) साधारण ७० टक्के वर जातो. म्हणजे ई चा ई राहत नाही, एफ च्या जवळ जातो पण एफ पण होत नाही. मी माझ्याकडच्या जुन्या डीव्हीडीवरून उतरवलेल्या फाईलवरून बसवत होतो आणि एक अख्खी संध्याकाळ मला वाटत होतं की माझ्या गिटारची नेक वाकली आहे.

शिवाय लोक व्हिडिओ अपलोड करताना कॉपीराइट चुकवायला मुद्दाम पिच हलवतात. आणि कितीतरी गिटारवाले गिटारच अर्धा सूर उतरवून वाजवतात, त्यांचं बोट चौथ्या फ्रेटवर दिसतं पण जी शार्पऐवजी ऐकू येतो जी. व्हिडिओ बघून फ्रेट उतरवून घेणाऱ्यांनो, आधी त्याची मोकळी तार ट्यूनरवर तपासा. जाड ई बरोबर ८२.४ हर्ट्झला असते.

स्लो करताना पण काळजी घ्या. ऑडॅसिटीत टेम्पो बदलणं वेगळं आणि स्पीड बदलणं वेगळं. स्पीड बदललात तर सूर पण खाली जातो आणि तुम्ही मस्तपैकी चुकीच्या पट्टीत ट्यून उतरवून बसता. टेम्पोच बदला.

४. स्केल ओळखा, आणि इथे आपण बरेच पुढे आहोत

तिकडच्या पुस्तकांत याला डबल हार्मोनिक म्हणतात, अरबी-तुर्की परंपरेत हिजाझकार. सूर असे: ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी शार्प. आता ई ला सा धरा आणि म्हणून बघा. सा, कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, शुद्ध नी.

भैरव.

मला हे कळलं त्या दिवशी मी हार्मोनियम काढून नुसता बसून राहिलो होतो. पांढरी तीन, पांढरी चार, काळी चार, पांढरी सहा, पांढरी सात, वरची पांढरी एक, काळी दोन, आणि परत पांढरी तीन. ज्याने लहानपणी भैरवचे अलंकार घोटलेत त्याला कॅलिफोर्नियातल्या या ट्यूनचं स्केल शिकवायची गरजच नाही. फक्त ते सूर भैरवचे असले तरी चलन भैरवचं नाही, रे-धवर आंदोलन वगैरे घ्यायचं नाही, सरळ आणि धारदार सूर लावायचा.

जाड तारेवर फ्रेट: ०, १, ४, ५, ७, ८, ११, १२. आठवडाभर एवढंच वरखाली करा, चार्टला हात लावू नका. १ वरून ४ वर आणि ८ वरून ११ वर उडी आहे, मोठ्या उड्या या दोनच आणि हात तिथेच चुकतो.

मघाशी म्हटलं तो एका सुराचा फरक म्हणजे नी. काही चार्टमध्ये डी शार्पच्या जागी साधा डी असतो, म्हणजे शुद्ध नीच्या जागी कोमल नी, मग ते भैरव न राहता बसंत मुखारी रागाचे सूर होतात. ए मायनर लिहिणाऱ्यांचं मूळ इथेच आहे. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या त्या ठिकाणी कुठला नी आहे ते कानाने ठरवा आणि वहीत गोल करून ठेवा. एकाने शुद्ध आणि एकाने कोमल वाजवला की जे होतं ते ऐकवत नाही, आणि फास्ट लयीत नक्की कोण चुकतंय ते कळत पण नाही.

५. चार्ट हातात आल्यावर काय तपासायचं

आता चार्ट शोधा. चार-पाच मिळतील, सगळे डाउनलोड करा, आणि पुढच्या गोष्टी क्रमाने बघा.

पहिली, सुरुवातीला किती शार्प (सूर अर्धा वर नेणारी खूण) छापलेत. काही लोक चार शार्प टाकतात म्हणजे ई मेजरची खूण, आणि मग एफ आणि सी ला वारंवार नॅचरल (म्हणजे शार्प काढून साधा) करतात. काही लोक एकही शार्प टाकत नाहीत आणि जी शार्प, डी शार्प जागच्या जागी लिहितात. दोन्ही बरोबर असू शकतं. शून्य शार्प दिसले म्हणून लगेच सी मेजर किंवा ए मायनर समजू नका, सूर वाचा.

दुसरी, ई मायनर लिहिलंय का. असेल तर तो चार्ट बाजूला ठेवा. ई मायनरमध्ये जी आहे, आपल्याला जी शार्प हवा. शुद्ध गंधार गेला की मिसिरलू गेली.

तिसरी, कॉर्ड्स. या सुरांतून सरळ तयार होणारे मुख्य तीन कॉर्ड्स म्हणजे ई मेजर, एफ मेजर आणि ए मायनर. वहीत सूर लिहून बघा, ई-जी शार्प-बी, एफ-ए-सी, ए-सी-ई, सगळे स्केलमधले. आता कुठे बी सेव्हन दिसला तर सावध व्हा, कारण त्यात एफ शार्प येतो आणि मेलडीत साधा एफ आहे, ते दोघं एकमेकांशी भांडतात. सवयीने लोक ई च्या आधी बी सेव्हन टाकतात, बाकीच्या हजार गाण्यांत ते चालतं म्हणून. ई सेव्हन दिसला तर त्यात साधा डी आहे, म्हणजे वर सांगितलेला नीचा प्रश्न पुन्हा आला. प्रत्येक कॉर्ड बदलतो तिथे फाईल थांबवा आणि फक्त बास ऐका. बास कुठे गेला ते कळलं की बाकी वाद घालायचं कारण उरत नाही.

चौथी, लय. रेकॉर्डिंग १७० च्या आसपास धावतं. ॲपने निम्मा आकडा दाखवला तर घाबरू नका, ते दोन ठोक्यांचा एक ठोका मोजतंय. पण चार्ट कुठल्या हिशोबाने लिहिलाय ते बघा, नाहीतर तुमचे १६ बार (बार म्हणजे ठरावीक ठोक्यांचं एक आवर्तन) म्हणजे ड्रमरचे ८ बार होतात. आमच्याकडे हे झालंय.

६. ट्रम्पेट किंवा सॅक्स असेल तर

डेलच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्ये ट्रम्पेट आहे, आणि तो घेतला की जी मजा येते ती गिटारने भरून निघत नाही. आम्हाला लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे एक काका मिळाले, साठीचे, आणि सुराला असे पक्के की आम्ही सगळे गप्प. मी त्यांना माझाच ई चा कागद दिला. त्यांनी वाजवला आणि एक अख्खा सूर खाली. काका शांतपणे म्हणाले, "बाळा, हा कागद गिटारचा आहे, माझा नाही."

ट्रम्पेट बी फ्लॅटचा असतो, त्यावर सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट. म्हणून त्यांचा कागद एक सूर वर लिहायचा. आपला ई म्हणजे त्यांचा एफ शार्प. सगळं स्केल: एफ शार्प, जी, ए शार्प, बी, सी शार्प, डी, ई शार्प. शेवटचा ई शार्प म्हणजे साधा एफच, ज्याला जसं वाचायची सवय असेल तसं लिहून द्या. टेनर सॅक्सलाही हेच सूर, क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असेल तर त्यालाही. आल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, त्यांचा सा सी शार्पवर येतो. डाउनलोड केलेल्या कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात कुठल्या वाद्याचा ते लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. "एफ शार्पमध्ये मिसिरलू" असं जे नेटवर फिरतं त्यातलं काही हेच असतं, ट्रम्पेटचा कागद कोणीतरी गिटारवर वाजवला.

७. पट्टी बदलायचीच असेल तर

शक्यतो बदलू नका. इन्स्ट्रुमेंटल आहे, गायकाचा गळा सांभाळायचा नाहीये, आणि मोकळ्या तारेचा दणका जातो. पण डी मध्ये छान लिहिलेला चार्ट हाताशी असेल आणि बाकी सगळे त्यात बसलेले असतील तर एक उपाय आहे: फक्त जाड तार ई वरून डी वर उतरवा. ट्यून एकाच तारेवर आहे त्यामुळे फ्रेट तेच राहतात, ०, १, ४. कॉर्ड्स मात्र बदलतात, डी मेजर, ई फ्लॅट मेजर, जी मायनर, आणि त्यात जाड तारेवरचं बोट दोन फ्रेट पुढे जातं हे विसरू नका.

८. शेवटी स्वतःचा एक पानाचा चार्ट

पाच चार्ट चाळून झाल्यावर ते सगळे बाजूला ठेवा आणि स्वतः लिहा. वर मोठ्या अक्षरात "ई, पांढरी तीन, भैरवचे सूर", खाली कुठल्या रेकॉर्डिंगवरून घेतलं ते आणि लय. मग भाग पाडा, पहिला, दुसरा, ट्रम्पेट, परत पहिला, शेवट, आणि प्रत्येकासमोर किती बार ते फाईल ऐकून बोटांवर मोजून लिहा. अंदाजाने लिहू नका, मी अंदाजाने लिहिलं होतं आणि शेवटाला ड्रमर थांबला, आम्ही चालूच. एका पानात बसवा, स्टेजवर पान उलटायला हात रिकामा नसतो.

हीच रीत बाकीच्या सर्फ ट्यून्सना लावा. चँटेज बँडची पाइपलाइन, १९६३ मध्ये गाजलेली, ती पण ई वरच आहे पण ई मायनर, म्हणजे सा तोच आणि गंधार कोमल, दोन्ही लागोपाठ वाजवणार असाल तर बोटांना बजावून ठेवा. सर्फारीजची वाइप आउट सी मध्ये, साधी १२ बारची ब्लूज, पट्टीचा त्रास नाही, तिथे सगळा कस ड्रमरचा. व्हेंचर्सची वॉक डोन्ट रन, १९६० ची, ए मायनर, आणि तिच्यात ए, जी, एफ, ई असं पायऱ्या उतरल्यासारखं खाली येणं आहे, ते एकदा कानात बसलं की चार्ट खरा की खोटा पहिल्या ओळीतच कळतं.

आणि चार्टच्या कोपऱ्यात तारीख टाका. आमच्याकडे शेवटी तीन "फायनल" होते, कार्यक्रमाच्या दिवशी बासवाला जुना घेऊन आला होता, बरं झालं तारीख होती म्हणून स्टेजवर चढायच्या आधी सापडला.